गळाला लागलेल्या माशाला दुखतं का?

प्रश्न : यंदा पावसाच्या सुरुवातीला सातवीतल्या लेकीला घेऊन वाशिष्ठीच्या काठी गरवायला बसलो होतो. गरीला शिंगटी लागली. तोंडातून गरी सोडवताना ती अंग आपटत होती. लेकीनं विचारलं, ‘बाबा, तिला दुखतंय ना?’ माझे वडील शेजारीच होते. ते म्हणाले, ‘माशाचं रक्त थंड, त्याला दुखत नाही.’ लेकीचं समाधान झालेलं नाही. ती रोज जेवताना विचारते. खरं काय ते सांगाल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : लेकीला सांगा, हो, दुखतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो पुरावा जमा झाला, त्याचं वजन याच बाजूला पडतं. तुमच्या वडिलांना मात्र दोष देऊ नका. ते जे म्हणाले तेच विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अनेक शिकलीसवरलेली माणसंही म्हणत होती, आणि काही शास्त्रज्ञ अजूनही म्हणतात. त्यांचे आक्षेप पुढे सांगतोच, कारण ते ऐकल्याशिवाय ‘हो’ म्हणण्याला अर्थ नाही.

थंड रक्ताचा मुद्दा आधी निकालात काढू. मासा ‘थंड रक्ताचा’ म्हणजे त्याच्या अंगाचं तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर वरखाली होतं, एवढंच. मे महिन्यात उथळ तळ्यातल्या माशाचं रक्त चांगलं कोमट असतं. कुप्यासारखे, म्हणजे ट्यूनाच्या कुळातले, काही मासे तर पोहण्याच्या स्नायूंची ऊब राखून आपलं अंग पाण्यापेक्षा गरम ठेवतात. वेदना जाणवते ती मज्जातंतू आणि मेंदू यांच्यामुळे. रक्ताच्या तापमानाचा तिच्या असण्या-नसण्याशी संबंध नाही. थंडीनं शरीरातले व्यवहार मंदावतात हे खरं, पण त्याचा परिणाम माशाच्या दृष्टीनं वाईटच होतो. तो पुढे येईल.

आता मूळ प्रश्न. इजा झाल्यावर शरीरात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो. हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो, त्यासाठी मेंदूची परवानगी लागत नाही. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाच्या तळपायाला टोचलं तर पाय आखडतो, पण त्या माणसाला काहीच जाणवत नाही. म्हणजे अंग आपटणं, आखडणं, झटका देणं हा वेदनेचा पुरावा होत नाही. तुमच्या शिंगटीची तडफड एवढ्यावरून ‘दुखतंय’ असं म्हटलं, तर शास्त्रज्ञ ते मान्य करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. दाखवायचं असतं ते हे की इजेची खबर मेंदूपर्यंत जाते, तिथे ती प्राण्याला नकोशी वाटते, आणि त्या नकोशेपणामुळे तो नेहमीचं वागणं सोडून देतो.

हे दाखवण्याचा पहिला भक्कम प्रयत्न स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरोजवळ रोझलिन नावाची संशोधन संस्था आहे. डॉली मेंढी जन्मली ती हीच. तिथे लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी रेनबो ट्राउट माशांवर केलेलं काम २००३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलं. हा तोच ट्राउट, जो इंग्रजांनी आपल्याकडे हिमालयात आणि मुन्नारच्या ओढ्यांत आणून सोडला. आधी त्यांनी भूल दिलेल्या माशांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूतून निघणारे विद्युत् संदेश मोजले. दाबणं, चटका देणं आणि सौम्य आम्लाचा थेंब सोडणं अशा तीन तऱ्हांनी चेहरा तपासला. डोक्यावर आणि चेहऱ्यावर ५८ संवेदनबिंदू मिळाले आणि त्यांतले २२ इजेची खबर देणारे निघाले. आपल्या त्वचेत असतात तसेच ते होते. तुमच्या गरीशी थेट संबंध असलेली गोष्ट ही, की यातले कित्येक बिंदू ओठांच्या आणि तोंडाच्या आसपास होते.

मग त्यांनी भूल देऊन माशांच्या ओठांत टोचण्या दिल्या. काहींना मधमाशीचं विष, काहींना व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल, काहींना नुसतं मिठाचं पाणी; आणि काहींना फक्त हाताळून सोडलं. शुद्धीवर आल्यावर हाताळलेले आणि मिठाच्या पाण्याचे मासे साधारण सव्वा तासात खाण्याकडे वळले. विष आणि आम्ल टोचलेले मासे जवळपास तीन तास खाण्याला शिवले नाहीत. त्यांचे कल्ले पोहून दमलेल्या माशासारखे भराभर उघडमीट करत होते. तळाच्या खडीवर छातीचे पर टेकून ते अंग डावी-उजवीकडे झुलवत राहिले. आम्ल टोचलेल्या माशांनी तर ओठ खडीवर आणि टाकीच्या भिंतीवर घासले. ओठ घासणं ही मज्जारज्जूतून सुटणारी झटक्याची प्रतिक्रिया नाही. दुखऱ्या जागेवर ध्यान लागल्याशिवाय तेवढीच जागा कोणी घासत नाही. माशांना मॉर्फिन दिल्यावर हे झुलणं आणि घासणं बरंच कमी झालं.

याच मंडळींचा आणखी एक प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. ट्राउट हा बुजरा मासा आहे. टाकीत नवी वस्तू दिसली की तो तिच्यापासून लांब राहतो. संशोधकांनी लेगोच्या ठोकळ्यांचा एक भडक मनोरा टाकीत सोडला. मिठाचं पाणी टोचलेले मासे नेहमीप्रमाणे लांब राहिले. आम्ल टोचलेले मासे मात्र मनोऱ्याच्या जवळून फिरत राहिले, जणू त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मॉर्फिन दिल्यावर त्यांचा बुजरेपणा परत आला. दाढ ठणकत असताना माणसाचं कशात लक्ष लागत नाही, तसंच हे. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती, तर भीती विसरायला काय कारण होतं?

पुढे स्नेडन यांनी झेब्रा माशांना निवड करायला दिली. एका कप्प्यात वनस्पती, खडी, आडोसा. दुसरा उजेडाचा आणि बोडका. साहजिकच मासे पहिल्यात राहत. मग बोडक्या कप्प्याच्या पाण्यात वेदनाशामक औषध विरघळवलं. मिठाचं पाणी टोचलेले मासे जागचे हलले नाहीत. आम्ल टोचलेले मासे आडोसा सोडून त्या बोडक्या कप्प्यात जाऊन राहिले. आणि वेदनाशामक पाण्यात न घालता थेट माशाच्या अंगात टोचलं, तेव्हा ते पुन्हा आपल्या आवडत्या कप्प्यातच थांबले. दुखणं थांबावं म्हणून एका इवल्याशा माशानं आवडीची जागा सोडली. याहून सरळ उत्तर माशाकडून मागता येईल असं मला वाटत नाही.

आता विरुद्ध बाजू. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाचे जेम्स रोझ यांनी २००२ सालीच, म्हणजे स्नेडन यांच्या त्या लेखाच्या आधी, मांडलं होतं की वेदनेची जाणीव मेंदूच्या बाहेरच्या सहा थरांच्या आवरणात होते, माशाला ते आवरणच नाही, तेव्हा त्याला वेदना असूच शकत नाही. ऑस्ट्रेलियातले ब्रायन की यांनी २०१६ मध्ये हाच मुद्दा आणखी तपशिलात मांडला. दुसरा आक्षेप तंतूंचा. आपला तो रेंगाळणारा, ठसठसणारा ठणका ज्या बारीक तंतूंमधून येतो, ते माणसाच्या मज्जातंतूंत निम्म्याच्या आसपास असतात, तर ट्राउटच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूत जेमतेम चार टक्के. तिसरा आक्षेप प्रयोगाचाच. कॅनडात २००८ साली ट्राउटवर आम्लाचा तसाच प्रयोग झाला, तेव्हा झुलणं-घासणं दिसलं नाही आणि मासे खातही राहिले. टाकीत खडी होती की नव्हती, आम्ल किती तीव्र होतं, यावर दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं.

हे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. पण आवरणाचा मुद्दा मला टिकणारा वाटत नाही. पक्ष्यांनाही ते सहा थरांचं आवरण नाही. म्हणून कावळ्याला काही कळत नाही असं आज कोणी म्हणत नाही, आणि कोंबडीला दुखत नाही असंही नाही. जे काम आपल्याकडे एक भाग करतो, तेच दुसऱ्या जिवात वेगळ्या घडणीचा भाग करू शकतो. आपला आणि या माशांचा वंश चाळीस कोटी वर्षांहून आधी वेगळा झाला. इतक्या काळात मेंदूची घडण एकसारखी राहणार कशी? उलट मॉर्फिन ज्यांवर काम करतं ते ग्राहक रेणू माशांच्या मेंदूत आहेत, आणि आपलं शरीर स्वतःच तयार करतं त्या जातीची वेदनाशामक रसायनंही आहेत. वेदनाच नसती, तर ती शमवण्याची यंत्रणा इतकी वर्षं कशाला जपली गेली असती?

आणि ‘खात राहिले’ याचं काय? गोल्डफिशवर झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की खाण्याच्या जागी विजेचा झटका बसला तर ते ती जागा टाळतात. पण जास्त काळ उपाशी ठेवले तर झटका सोसूनही तिकडे जातात. भूक आणि दुखणं यांचा हिशेब मासा मांडतो. डोकं दुखत असताना कामावर जाणाऱ्या माणसाचं डोकं दुखत नाही, असं आपण म्हणत नाही.

मासा सगळं क्षणात विसरतो हा समजही सोडून द्या. नेदरलँड्समध्ये १९७० च्या सुमारास तळ्यातल्या कार्प माशांवर गळाचे प्रयोग झाले. एकदा गळाला लागून सुटलेला कार्प पुन्हा सहजासहजी सापडेना, आणि ही सावधगिरी वर्षभरापर्यंत टिकली.

या सगळ्या वादात मला एक जुनी गोष्ट आठवत राहते, आणि ती माणसाची आहे. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या इस्पितळांत नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना पुरेसं वेदनाशामक देत नसत. हालचाल थांबवणारं औषध द्यायचे, म्हणजे बाळ गप्प पडून राही. समज असा, की बाळाच्या मेंदूची वाढ अजून झालेली नाही, त्याला वेदना कळत नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास केला. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवरची शस्त्रक्रिया करताना काही बाळांना नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना प्रचलित रीतीप्रमाणे दिलं नाही. ज्यांना दिलं त्यांच्या शरीरातला ताण खूप कमी निघाला आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही कमी झाले. १९८७ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढच्या काही वर्षांत पद्धत बदलली. मेंदू आपल्यासारखा नाही आणि बोलता येत नाही, या दोन कारणांवरून आपल्याच लेकरांबद्दल शहाणी माणसं चुकली. वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट लिहिलं, की एखादा माणूस किंवा प्राणी सांगू शकत नाही म्हणून त्याला वेदना होत नाही असं ठरत नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. वर जे सांगितलं ते हाडांचा सांगाडा असलेल्या माशांचं : रोहू, शिंगटी, सुरमई, बांगडा, पापलेट. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा असतो, आणि त्यांच्यात ते बारीक तंतू जवळपास सापडत नाहीत. पाकटांच्या नांग्या तोंडात रुतलेल्या असतानाही खाणाऱ्या मुशी आढळल्या आहेत. त्यांच्याबद्दलचा पुरावा याच्याइतका बळकट नाही.

मग तुम्ही गरवणं सोडावं का? हे तुमच्या घरात ठरवायचं. ठरेपर्यंत एवढं करा. उलटा काटा नसलेली गरी वापरा, ती ओठ फाडत नाही आणि चटकन सुटते. खायचा नसेल तो मासा पाण्यातच ठेवून सोडवा. खायचा असेल तो टोपलीत तडफडत ठेवू नका, लगेच मारा. कसा मारायचा ते शेवटच्या उत्तरात आहे. आणि लेकीला खोटं सांगू नका. तिनं विचारलं तेव्हा तिची नजर अचूक होती.

प्रश्न : मासे, कोंबडी सगळ्यांनाच दुखतं असं म्हणायचं तर झाडांनाही दुखतं. जगदीशचंद्र बोसांनी ते सिद्ध केलं होतं ना? मग भाजी चिरणंही पापच की!
– एक वाचक, सांगली

उत्तर : बोसांनी दाखवलं ते हे, की वनस्पती उद्दीपनाला प्रतिसाद देते आणि त्या वेळी तिच्यात विजेचे संदेश वाहतात. ते काम थोर होतं आणि खरं ठरलं. पान कुरतडलं की इजेची खबर झाडाच्या दुसऱ्या पानापर्यंत जाते, हेही आज माहीत आहे. पण खबर जाणं आणि ती कुणाला तरी जाणवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वर सांगितलंच. झाडाला मज्जातंतू नाहीत, आणि खबर एकत्र करून तोलणारा मेंदू नाही.

तुमच्या प्रश्नाला धरून एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ईथरच्या वाफेत ठेवलं तर लाजाळूचीही पानं मिटायची थांबतात. म्हणजे ‘औषध दिल्यावर प्रतिसाद थांबला’ एवढ्यावरून वेदना होती असं म्हणता येत नाही. म्हणूनच मी मॉर्फिनच्या प्रयोगावर न थांबता झेब्रा माशांच्या निवडीबद्दल लिहिलं. लाजाळू औषध शोधत जात नाही. मासा जातो.

प्रश्न : आमच्याकडे पावसात खेकडे जिवंतच आणतात आणि आई त्यांच्या नांग्या मोडून उरलेला खेकडा साफ करते. खेकड्याला तर हाडंही नाहीत आणि धड मेंदूही नाही. त्याला काय होत असेल?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : खेकड्याचा मेंदू लहान असतो, पण असतो. बेलफास्टमधले रॉबर्ट एलवूड यांनी रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्यांवर काम केलं. शंखाच्या आत विजेचा हलका झटका दिला, तर काही खेकडे शंख सोडून बाहेर पडतात. पण शंख आवडीच्या जातीचा असेल तर ते झटका सोसून आत राहण्याकडे झुकतात, आणि नावडता असेल तर लवकर सोडतात. म्हणजे इथेही हिशेब आहे, नुसता झटका-प्रतिझटका नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासगटानं २०२१ मध्ये असा सगळा पुरावा तपासून खेकडे, कोळंबी, शेवंड आणि ऑक्टोपस-माकूल यांना संवेदनाक्षम मानावं असा निष्कर्ष दिला. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, ब्रिटननं प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा कायदा केला, त्यात माशांसकट सगळ्या पृष्ठवंशीयांबरोबर यांचाही समावेश झाला. स्वित्झर्लंडमध्ये शेवंड जिवंत उकळत्या पाण्यात टाकायला २०१८ पासून बंदी आहे.

आईंना सांगायचं ते एवढंच, की जिवंतपणी नांग्या मोडणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. खेकडे आधी भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात किमान वीस मिनिटं ठेवा. पाय ओढला, डोळ्याच्या दांडीला स्पर्श केला तरी हालचाल होत नाही असं दिसलं, की उलटा करून मधोमध जड सुरीनं एका घावात दोन भाग करा, आणि मगच साफ करा. गारठलेला खेकडा चावत नाही, त्यामुळे आईंच्या बोटांनाही हे बरं.

प्रश्न : आमच्याकडे मरळ जिवंतच घेतो. मेलेली ताजी असेल याची खात्री नसते. विक्रेता समोरच राखेनं-मिठानं घासतो, खवले काढतो आणि कापतो. कापेपर्यंत ती हलत असते. हल्ली ते बघवत नाही. त्रास कमी होईल अशी काही रीत आहे का, की बर्फात ठेवून मारावी?
– एक वाचक, भंडारा

उत्तर : बर्फात ठेवणं ही रीत चांगली वाटते, पण नाही. मासा बाहेर काढला की पाण्याअभावी कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि तो गुदमरू लागतो. इंग्लंडमध्ये १९९१ साली ट्राउट माशांचा मेंदू किती वेळ प्रतिसाद देतो हे मोजलं गेलं. २० अंश तापमानाला तो सुमारे अडीच मिनिटांत थांबला. २ अंशांना थांबायला साडेनऊ मिनिटं लागली. थंडीत शरीर प्राणवायू सावकाश वापरतं, म्हणून गुदमरणं लांबतं. आपल्याकडच्या उष्ण पाण्यातल्या माशांची हालचाल बर्फात लवकर थांबते हे खरं, पण हालचाल थांबली म्हणजे शुद्ध हरपली असं नाही. खेकड्याला गारठवा आणि माशाला गारठवू नका म्हणतो, यात विसंगती वाटेल; पण माशासाठी बर्फाहून कितीतरी जलद उपाय हाताशी आहे.

मरळीची गोष्ट तर आणखी वेगळी. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्यासाठी एक जादा कप्पा असतो. म्हणून ती ओलसर राहिली तर पाण्याबाहेर तासन् तास जगते, म्हणून ती घमेल्यात बोटभर पाण्यात जिवंत विकता येते, आणि म्हणूनच तिचे हाल सगळ्यांत जास्त. सुरमई-बांगडा बाजारात येईपर्यंत कधीच मेलेला असतो. मरळ आणि मांगूर हे दोन मासे पूर्ण शुद्धीत असताना सुरीखाली येतात. जिवंत वामीच्या जातीचे मासे मिठानं घासून त्यांचा बुळबुळीतपणा काढायला जर्मनीत कायद्यानं बंदी आहे. आपल्या बाजारात मरळीबरोबर रोज तेच चाललेलं असतं.

चांगली रीत सोपी आहे. ओल्या फडक्यानं मासा घट्ट धरायचा. आखूड, जड लाकडी दांडक्यानं डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या मधोमध एक जोरदार घाव घालायचा. मरळीचं डोकं टणक असतं, तेव्हा हात आखडता घ्यायचा नाही. अर्धवट घाव म्हणजे दुप्पट त्रास. मग मासा कुशीवर वळवून डोळा पाहायचा. शुद्धीत असलेल्या माशाचा डोळा अंग वळवलं तरी मूळ दिशेकडे फिरायला बघतो. बेशुद्ध झाला असेल तर डोळा डोक्याबरोबर तसाच वळतो, आणि कल्ल्यांची उघडमीट थांबलेली असते. दोन्ही दिसलं की लगेच कल्ल्यांखालची रक्तवाहिनी कापून रक्त जाऊ द्यायचं. राख, मीठ, खवले, तुकडे, सगळं त्यानंतर. या कामाला अर्धं मिनिटही लागत नाही.

ताजेपणाची काळजी तर अजिबात नको. तडफडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतली साठवलेली ऊर्जा संपून जाते, आम्ल वाढतं, तो लवकर ताठरतो आणि मांस लवकर उतरतं. जपानमध्ये मेंदूत टोकदार सळी घालून मासा क्षणात मारण्याची आणि रक्त काढण्याची ‘इकेजिमे’ नावाची जुनी पद्धत आहे. त्या माशाला तिथे जास्त भाव मिळतो, कारण त्याचं मांस जास्त वेळ चांगलं राहतं. म्हणजे यात विक्रेत्याचं नुकसान नाही, उलट फायदा आहे. त्याच्याशी बोलताना हा मुद्दा आधी काढा. दिवसभर उन्हात बसून ज्याला माशांवर पोट भरायचं आहे, त्याला ‘तू क्रूर आहेस’ असं सुनावण्यापेक्षा ‘असं केलंस तर माल चांगला राहील’ हे सांगितलेलं बरं. त्याच्याकडून जिवंत कापून मागणारे आपणच असतो.

कायद्याचं विचाराल, तर प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदा ‘प्राणी’ म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव अशी व्याख्या करतो. मासा त्यात आपोआप आला. खाण्यासाठी प्राणी मारायला या कायद्यात सूट आहे, पण अनावश्यक वेदना देऊन मारायला नाही. २०२२-२३ मध्ये देशात १७५ लाख टनांवर मासळी निघाली. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आपण पशुगणनेत नगांनी मोजतो. मासे मात्र टनांत. एवढ्या सगळ्यांसाठी नियम येतील तेव्हा येतील. घमेल्यातली एक मरळ मात्र तुमच्यासमोर आहे आणि तिचे पैसे तुम्ही देणार आहात. पुढच्या खेपेला पैसे काढण्याआधी विक्रेत्याला एवढंच सांगा : दादा, आधी डोक्यात दांडका घाल, मग राख लाव.